आबांची चौकशी

आमच्या सासरी बंदूक होती, पण ती घरात क्वचितच असायची. दोन नळ्यांची, बारा बोअरची. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, कचेरीत खेटे घालून घालून तिचा परवाना मिळवला होता. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात परवान्याची बंदूक असलेली दोनच घरं, त्यामुळे आमचं लग्न जमवताना मध्यस्थांनी माझ्या वडिलांना स्थळाची माहिती सांगितली ती अशी: जमीन बागायती, विहिरी दोन, बंदूक एक. मुलगा इंजिनियर आहे हे त्यांना चहा झाल्यावर आठवलं. लग्न होऊन मी घरात आले आणि उत्सुकतेने सोप्यातली भिंत पाहिली, तर तिथं नुसते दोन खिळे होते. बंदूक पोलीस ठाण्यात होती, कारण निवडणूक होती.

आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात नेऊन जमा करायच्या आणि पावती घ्यायची, असा नियम. आता आपल्याकडे निवडणुका किती. ग्रामपंचायत झाली की जिल्हा परिषद, ती झाली की विधानसभा, मग दिल्ली. त्यात आबा स्वतः सरपंच, राजकारणात कायम कुणाशी तरी वाकडं, त्यामुळे फौजदार त्यांची बंदूक पहिली मागवून घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी परत द्यायचा. एका वर्षी तर खंडेनवमीलाच ती ठाण्यात अडकली. खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची पूजा करतात, आणि घरातलं एकमेव शस्त्र सरकारजमा. सासूबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी पाटावर ठाण्याची पावती ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नैवेद्य दाखवला. नवी सून म्हणून त्या पावतीला मी वाकून नमस्कार केलेला आहे.

बंदूक उडाली एकदाच, माझ्या नवऱ्याच्या बारशाला, तीही हवेत. त्या आवाजाने शेजाऱ्यांची म्हैस आटली आणि त्या घराशी आमची बोलचाल अजून बंद आहे.

हे सगळं सांगायचं कारण, ऐंशीचं दशक संपता संपता आबा आमच्याकडे सहा महिने राहायला अमेरिकेत आले. आम्ही तेव्हा सनीव्हेलला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवरा चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होता, मी घरी होते आणि मुलगी दुसरीत. सासूबाई तोवर गेल्या होत्या. आबांना इंग्रजी येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, आणि बोलायला दिवसभर मी एकटी. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या नळांचे वायसर तपासले, दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीत कोथिंबीर पेरली. तिसऱ्या रविवारी जाड वर्तमानपत्रातून जाहिरातींचा गठ्ठा खाली पडला आणि त्यात त्यांना बंदुका दिसल्या. तंबू, सायकली, मासे पकडायच्या काठ्या, आणि त्यांच्याच रांगेत रायफली, किमतीसकट.

"सूनबाई," आबा म्हणाले, "हे विकायला आहे?"

"हो आबा."

"कुणालाही?"

"जवळजवळ कुणालाही."

आबांनी ते पान गठ्ठ्यातून काढून घडी घालून ठेवलं. मग उठून त्यांनी हॉलची भिंत बघितली, हाताने वीत लावून मापली आणि टीव्हीच्या वर बोट ठेवलं. इथं, म्हणाले. त्यांचं गणित सरळ होतं. मुलगा अमेरिकेत, पगार डॉलरमध्ये आणि भिंत मोकळी. गावी परत जाताना बंदुकीखाली उभं राहून काढलेला एक फोटो न्यायचा, की दुसऱ्या बंदूकवाल्या घराची पुढची दहा वर्षं झोप उडाली.

मला एकच हवं होतं. माझी मुलगी आणि बंदूक एका छपराखाली नकोत. पण सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या माहेरी बायका नवऱ्याला भांडून भांडून वठणीवर आणायच्या आणि सासरा खोलीत आला की पदर सावरून गप्प बसायच्या. म्हणून मी नवऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "यार, आता ते सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांचं मन कसं मोडायचं? तूच जरा हँडल कर ना." कंपनीत दोनशे माणसांच्या मीटिंगमध्ये साहेबाला खोटं पाडणारा माणूस आबांसमोर मात्र शेळी होऊन बसायचा.

त्याच हिवाळ्यात आमच्या राज्यातल्या एका शाळेत एक माणूस रायफल घेऊन शिरला. लहान लहान मुलं गेली. टीव्हीवर दिवसभर तेच होतं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही, अजूनही नाही. त्या आठवड्यात मी मुलीला शाळेच्या दाराशी सोडायचे, गाडीत येऊन बसायचे आणि रडायचे. मग डोळे पुसून घरी यायचे, तर आबा ती जाहिरात मांडीवर घेऊन बसलेले.

मी म्हटलं, "आबा, बघितलंत ना टीव्हीवर काय झालं?"

"बघितलं. वाईट झालं," आबा म्हणाले. ते खरंच हललेले होते, सकाळपासून त्यांनी पान खाल्लं नव्हतं. "पण एका तरी मास्तराकडं बंदूक असती, तर?"

हा मुद्दा अमेरिकेतले निम्मे लोक मांडत होते, पण आबांना तो स्वतःच्याच डोक्यातून निघाला असं वाटत होतं, आणि सरपंचाला मुद्दा सुचला की त्याला सभा लागते. सभा नेमकी होतीच. शाळेने पालकांना संध्याकाळी बोलावलं होतं, असं काही आपल्याकडे होऊ नये म्हणून काय करता येईल यावर चर्चा करायला. नवऱ्याला कंपनीतून निघता येणार नव्हतं. आबांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, कोट चढवला, टोपी घातली, पायात माझ्या नवऱ्याचे पांढरे बूट घातले आणि दारात जाऊन उभे राहिले.

सभा शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. मुलांच्या उंचीचे बाक, त्यावर गुडघे हनुवटीला लावून बसलेले मोठे लोक. मुख्याध्यापिका उंच आणि थकलेल्या दिसत होत्या. चर्चा सुरू झाली आणि मला एकदम मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत आल्यासारखं वाटलं, फक्त इथं विषय श्रीखंडाचा नव्हता. एक आई म्हणाली, अशा रायफलींवर सरळ बंदी घाला. टोपीवाला एक बाप म्हणाला, राज्यघटना आम्हाला हक्क देते. आई म्हणाली, राज्यघटना लिहिली तेव्हा एक गोळी भरायला अर्धं मिनिट लागायचं. बाप म्हणाला, उद्या गाड्यांवरही बंदी घाला. कुणी म्हणालं, उंच कुंपण घाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, या वर्षी रंगीत कागदालाही पैसे नाहीत. आबांना मी हळू आवाजात सगळं सांगत होते आणि ते मान डोलवत होते. आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित बंधूभगिनींनो," आबांनी सुरुवात केली. व्यासपीठ नव्हतं. मी घाबरत घाबरत उभी राहिले आणि भाषांतर करू लागले.

आबा म्हणाले, बंदूक वाईट नाही. बंदुकीने माणसाला शिस्त लागते. माझंच बघा. मी अर्ज केला, तेव्हा आधी तलाठ्याचा दाखला लागला, पिकात रानडुकरं येतात म्हणून. मग पोलीस पाटलाचा दाखला, हा माणूस दारू पीत नाही म्हणून. मग फौजदार स्वतः घरी आला. चहा पिऊन विचारायला लागला, भावकीत भांडण आहे का, घरात लहान पोरं किती, बंदूक ठेवणार कुठं, किल्ली कुणाकडं. मला विचारून झालं, मग मला बाहेर बसवून माझ्या बायकोला विचारलं. तिने सांगितलं, तसे बरे आहेत, पण जेवण गार झालं की भडकतात. हे त्याने लिहून घेतलं आणि माझा अर्ज वर्षभर अडकला.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. आबांना हुरूप आला. ते म्हणाले, मग शेजाऱ्यांना विचारलं. एकाने विरोध केला, त्याच्याशी माझा बांधावरून वाद होता. कलेक्टरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, परवाना दिला तर याला मारणार का? मी म्हटलं, साहेब, मनात तर आहे, पण तुम्ही परवाना दिल्यावर मारला तर तुमचं नाव खराब होईल. साहेब म्हणाले, दोन वर्षांनी या.

आता सगळेच हसत होते, टोपीवाला बापसुद्धा. मी शब्दाला शब्द देत होते. माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही, घालायची गरजच नव्हती. काडतुसांचा हिशेब, दर वेळी नूतनीकरणाची फेरी, निवडणुकीला बंदूक जमा, सगळं त्यांनी सांगितलं. आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "अशी शिस्त पाहिजे. म्हणून प्रत्येक मास्तराला बंदूक द्या." हे शेवटचं वाक्यही मी प्रामाणिकपणे सांगितलं, पण टाळ्या त्याच्या आधीच सुरू झाल्या होत्या आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ती बंदीवाली आई उठून म्हणाली, यांच्या गावात आहे तसा कायदा आपल्याला हवा. मग तिने आबांना विचारलं, तुमच्या गावच्या शाळेत कधी गोळीबार झाला?

मी विचारलं. आबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो मला पुन्हा विचारायला लावला. "शाळेत?" ते म्हणाले. "पोरांवर? असं कोण करेल?"

मी हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. टोपीवाल्या बापाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

एवढं होऊनही सभेचा निकाल काय लागला, तर काहीच नाही. बंदी शाळेच्या हातात नव्हती, कुंपणाला पैसे नव्हते. सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच ठरावावर: शाळेच्या आसपास अनोळखी माणूस घुटमळताना दिसला, तर ताबडतोब ऑफिसला कळवायचं. त्याला आबांनीही हात वर करून पाठिंबा दिला.

गाडीत बसल्यावर मला वाटलं होतं, सुटले. आबांनी स्वतःच्याच तोंडाने माझी बाजू मांडली होती. आबा मात्र सीटबेल्टशी झटापट करत म्हणाले, "बघितलंस, सगळ्यांना पटलं. आता आणायची कधी?"

"आबा, पण तुम्हीच तर म्हणालात, चौकशी, परवाना..."

"मग? होऊ दे की चौकशी. मी घाबरतो का चौकशीला?"

त्यांनी शुक्रवार ठरवला, दिवस चांगला होता. नवऱ्याची नेमकी त्याच दिवशी नव्या चिपचा आराखडा कारखान्याला पाठवायची शेवटची तारीख निघाली. आबा पाहुणे, त्यामुळे खरेदी त्यांच्या नावावर होणार नाही, सही घरातल्या कुणाला तरी करावी लागणार. म्हणजे मी. ज्या गोष्टीच्या विरोधात मी महिनाभर मनातल्या मनात भाषणं करत होते, तिच्यावर सही करायला मीच गाडी काढली. नवऱ्याला सकाळी डबा दिला, पण त्यात लोणचं घातलं नाही.

दुकान खेळाच्या सामानाचं होतं. दाराशी लहान मुलांचे बॅट-बॉल, मग बूट, मग तंबू आणि मागच्या भिंतीला बंदुका. काउंटरवरचा दाढीवाला माणूस फार चांगला होता. त्याने आबांच्या टोपीचं कौतुक केलं, एक रायफल काढून त्यांच्या हातात दिली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. आबांनी रायफल खांद्याला लावून बघितली. लाकडावरून हात फिरवला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातीच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"कागदात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"विचारलंय, तू गुन्हेगार आहेस का, फरारी आहेस का, वेडी आहेस का."

"मग?"

"मग आपण नाही लिहायचं."

"आणि ते खरं की खोटं हे बघायला कोण येतं?"

मी दाढीवाल्याला विचारलं. तो हसून म्हणाला, कुणी नाही मॅम, सही करा, दहा मिनिटांत तुम्ही मोकळ्या. मी आबांना सांगितलं.

"म्हणजे फौजदार घरी येणार नाही?"

"नाही."

"शेजाऱ्यांना?"

"नाही विचारणार."

"घरात पोर आहे, हे तरी विचारलंय?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. "नाही आबा."

माझ्या हातात पेन होतं. मी ठरवलं, आता बोलायचं. आबा, मी सही करणार नाही, काय व्हायचं ते होऊ दे. लग्नाला दहा वर्षं होऊन गेल्यावर सासऱ्यांना पहिल्यांदा नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी रायफल काउंटरवर ठेवून दिली. त्यांचा चेहरा उतरला होता. "हा मला ओळखत नाही, पाळखत नाही," ते म्हणाले. "मी कोण, कुठला, माझं डोकं कसं, काही विचारलं नाही. भाजी दिल्यासारखी बंदूक देतो. असली काय भिंतीला लावायची? कुणाच्याही घरी असेल." इतकी वर्षं साठवलेला माझा नकार माझ्या घशातच राहिला. तो अजून वापरला गेलेला नाही.

त्या दहा मिनिटांत आमच्या शेजारी एक पोरगा आला होता. अठरा-एकोणीसचा असेल, तोंडावर मुरमं, बोलायला अगदी गोड. त्याने आमच्यासारखाच कागद भरला, रायफल घेतली, दोन खोकी काडतुसं घेतली, च्युइंगम घेतलं. बाहेर पडताना त्याने आमच्यासाठी दार धरून ठेवलं. तो बहुतेक बापाबरोबर शिकारीलाच निघाला असणार. मी आबांना तसं म्हणालेसुद्धा. पण आबा पार्किंगमध्ये उभे राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीची शाळा कधी सुटते?"

त्या दिवसापासून आबा रोज दुपारी चालत शाळेपर्यंत जायला लागले. समोरच्या फुटपाथवर एका झाडाखाली उभे राहायचे, शाळा सुटली की नातीला घेऊन यायचे. "आजोबा, यू डोन्ट हॅव टू कम एव्हरी डे," मुलगी म्हणायची. आबांना ते कळायचं नाही आणि मीही कधी भाषांतर केलं नाही. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. धोतरातला एक म्हातारा रायफलीपुढे काय करणार होता, हे मला कळत होतं. तरीही बरं वाटायचं.

मग एका दुपारी शाळेतून फोन आला. ऑफिसमधली बाई शांत आवाजात म्हणाली, घाबरू नका, पण शाळेसमोर एक अनोळखी माणूस रोज उभा असतो, एका पालकाने कळवलं, पोलीस आले आहेत, आणि तो माणूस तुमच्या मुलीचं नाव घेतो आहे. मी ओट्यावर भाजी तशीच टाकून पळाले.

झाडाखाली आबा ताठ उभे होते. समोर एक तरुण पोलीस, हातात वही, चेहऱ्यावर पेच. मी धापा टाकत सांगितलं की हे माझे सासरे आहेत. पोलीस म्हणाला, ठीक आहे मॅम, पण मला काही प्रश्न विचारावे लागतील. मी आबांची माफी मागायला लागले, तर आबा म्हणाले, "अगं, विचारू दे की."

पोलिसाने नाव विचारलं. गाव विचारलं. राहायला कुठं, कधी आलात, परत कधी जाणार. घरात कोण कोण, लहान मूल आहे का. इथं का उभे राहता. कुणाशी भांडण आहे का. काही आजार, काही औषधं, दारू पिता का. प्रत्येक प्रश्नाबरोबर आबा खुलत गेले. भावकीतलं भांडण त्यांनी बांधाच्या मापासकट सांगितलं. गार जेवणावर भडकायचो, पण बायको गेल्यापासून भडकत नाही, असंही सांगितलं. पोलिसाने शेवटी विचारलं, घरात बंदूक आहे का.

"नाही म्हणून सांग," आबा म्हणाले. "घ्यायला गेलो होतो. पण हे यांनी आता विचारलं, त्यातलं एक अक्षर तिथं कुणी विचारलं नाही. साहेबांना म्हणावं, तुम्ही माणूस चांगले आहात. तुम्ही त्या दुकानात का उभे राहत नाही?"

मी सांगितलं. पोलिसाने लिहिणं थांबवलं. त्याचं वय जेमतेम तिशीचं असेल, आणि तो आमच्याकडे न बघता शाळेच्या दाराकडे बघत होता. "मॅम," तो म्हणाला, "त्यांना सांगा, तिथं विचारणं माझं काम नाही. इथं आहे." मग तो जरा ओशाळून म्हणाला की आबांना उद्यापासून इथं असं उभं राहता येणार नाही. आधी ऑफिसात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की पास मिळेल, तो गळ्यात घालायचा. मगच नातीची वाट बघता येईल.

"म्हणजे परवाना," आबा म्हणाले.

"हो आबा, परवाना."

घंटा झाली आणि दार उघडून मुलं बाहेर धावत आली. आमची सगळ्यांत मागे होती, बुटाची नाडी सुटलेली. पोलिसाला बघून ती थबकली आणि आबांच्या कोटाआड जाऊन उभी राहिली. आबांनी तिचं दप्तर खांद्यावर घेतलं. "उद्या सकाळी लवकर उठव मला," ते म्हणाले. "अर्ज करायला जाऊ."